न्यूट्रल ते पोझ आणि परत: ये-जा करताना मॉडेल का बिघडतं

न्यूट्रलमध्ये, म्हणजे सरळ उभ्या मूळ अवस्थेत, थ्रीडी मॉडेल अगदी नीट असतं. त्याला पोझ देता, पोझमध्येच बसून कोपराची घडी, मानेच्या शिरा, वळलेली मूठ असं सगळं कोरता. मग बुटांची शिवण दोन्ही पायांवर एकदम करायची म्हणून न्यूट्रलला परतता, तर कोपराला गाठ आलेली, काखेत खड्डा, आणि एक डोळा कवटीबाहेर तरंगतोय. ते सारखं करून पुन्हा पोझमध्ये जाता, तर आता तिथली घडी पुसली गेलेली. इकडचं शिवावं तर तिकडचं उसवतं.

या दुखण्याची खोड अशी की ते एकदा होऊन जात नाही. त्या दिवशी ठिगळ लावून काम भागतं आणि पुढच्या मॉडेलला तेच पुन्हा उभं राहतं. मी यात इतक्या वेळा अडकलोय की आता लक्षण बघून कारण ओळखता येतं, म्हणून ते लिहून ठेवतोय. बटणांची नावं झेडब्रश आणि ब्लेंडर या दोन थ्रीडी सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण माझं रोजचं काम त्यांवर चालतं. कारणं मात्र बहुतेक सगळ्या स्कल्प्टिंग सॉफ्टवेअरना लागू पडतात.

मुळात पोझ साठवली कशी जाते

आपल्याला वाटतं फाईलमध्ये दोन मॉडेलं आहेत, एक हात पसरलेलं आणि एक तलवार उगारलेलं. तसं नसतं. मॉडेल एकच असतं, म्हणजे व्हर्टेक्सची एक क्रमवार यादी. पहिला बिंदू इथे, दुसरा तिथे, असे लाखो. पोझ म्हणजे त्या यादीला जोडलेली सूचना: अमुक क्रमांकाच्या बिंदूने इतकं सरकायचं. स्लायडर शून्यावर नेला की सूचना बंद आणि न्यूट्रल समोर.

ही सूचना दोन प्रकारे लिहिली जाते, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ या फरकात आहे. लेयर आणि मॉर्फ टार्गेट (झेडब्रशमधले), शेप की (ब्लेंडरमधली) या बदल साठवणाऱ्या मंडळींना फक्त अंतर माहीत असतं: इथून तिथपर्यंत, सरळ रेषेत. हात फिरला हे त्यांना कळत नाही, हाताचे बिंदू खाली सरकले एवढंच कळतं. आर्मेचर किंवा रिग, म्हणजे मॉडेलच्या आत घातलेला हाडांचा सांगाडा, मात्र फिरणं जाणतं. हाड खांद्यापाशी ९०° वळलं, तर त्याच्याबरोबर त्याच्यावरची कातडी वळते आणि कातडीवर जे काही कोरलंय तेही वळतं.

सरळ रेषेचा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर पोझचा स्लायडर अर्ध्यावर आणा. हात ९०° फिरला असेल तर मधल्या अवस्थेत तो मूळ लांबीच्या साधारण ७१ टक्के दिसेल. ६० सेंटिमीटरचा हात ४२ सेंटिमीटरचा होतो, कारण प्रत्येक बिंदू गोल वळसा न घेता आडवाटेने गेला. वळण १२०° असेल तर हात निम्माच उरतो. बरेच जण हे बघून पोझ खराब झाली म्हणून घाबरतात. पोझ खराब झालेली नसते. असा स्लायडर शून्य किंवा एक या दोनच जागी वापरायचा असतो, मधे थांबायला तो केलेलाच नाही.

सगळ्यात आधी एक चाचणी

फाईलची प्रत करा आणि प्रतीवरच पुढचं करा. हे वाक्य वगळून पुढे जाण्याचा मोह मला अजूनही होतो.

न्यूट्रलमध्ये, सिमेट्री (एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारी सोय) बंद करून, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध वरच्या बाजूला एक ठळक उंचवटा काढा. सुपारीएवढा, लांबूनही दिसेल असा. आता पोझमध्ये जा आणि तो उंचवटा शोधा.

तो कातडीतून सरळ बाहेर आलेला असेल तर तुमची साठवण ठीक आहे, दोष दुसरीकडे आहे. तो कलंडलेला असेल, हाताच्या लांबीकडे ओढल्यासारखा किंवा चपटा होऊन सुरकुती पडल्यासारखा, तर पोझ सरळ रेषेत साठवलेली आहे आणि वळण तिथे नाही. उंचवटा सापडलाच नाही, किंवा हाताऐवजी भलत्याच जागी निघाला, तर एक तर तो वेगळ्या लेयरमध्ये गेला किंवा बिंदूंची यादी बदलली.

मग उलट्या बाजूनेही करून बघा: पोझमध्ये उंचवटा काढा, न्यूट्रलला परता. दोन्ही दिशांनी सारखंच उत्तर येईल असं धरून चालू नका.

उंचवटा कलंडतो

टी-पोझमध्ये, म्हणजे दोन्ही हात बाजूंना सरळ पसरलेल्या न्यूट्रलमध्ये, हात आडवा आहे. त्याच्यावर काढलेला उंचवटा वर, आकाशाकडे बघतो. पोझमध्ये हात खाली लोंबतो, तेव्हा तो उंचवटा खरं तर बाहेरच्या बाजूला बघायला हवा. पण पोझ शेप कीमध्ये असेल तर 'वर' म्हणजे वरच राहतं. म्हणून उंचवट्याचे बिंदू कातडीबाहेर न येता हाताच्या लांबीने खांद्याकडे सरकतात. स्नायू उठून दिसत नाही, नुसती जाळी (बिंदू जोडून झालेला पृष्ठभाग, म्हणजेच मेश) ताणली जाते. ब्लेंडरमध्ये हे हमखास होतं: बेसिसवर (मूळ आकाराच्या शेप कीवर) केलेला बदल त्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या शेप कीमध्येही जातो, पण जातो तो न वळवता, जसाच्या तसा.

उपाय एकच, मोठं वळण शेप कीवर टाकायचं नाही. ब्लेंडरमध्ये हात, पाय, मान फिरवायचं काम आर्मेचरचं. चार-सहा हाडांचं साधं आर्मेचर पुरतं, ॲनिमेशनला लागतं तसलं सजवलेलं रिग नको. शेप की आर्मेचरच्या आधी मोजली जाते, त्यामुळे न्यूट्रलमध्ये तिच्यात काढलेला उंचवटा हाडाबरोबर नीट वळतो. बारकाव्यांसाठी मल्टिरेझ (जाळी बारीक करून तिच्यावर कोरायची सोय) असेल तर मॉडिफायरच्या, म्हणजे मॉडेलवर एकामागून एक लागणाऱ्या प्रक्रियांच्या, रांगेत आर्मेचर वर आणि मल्टिरेझ त्याच्या खाली ठेवा. मल्टिरेझ आपले बारकावे खालच्या पृष्ठभागाच्या दिशेने मोजून ठेवतो. पृष्ठभाग वळला की तेही वळतात.

स्कल्प्ट मोडमधला पोझ ब्रशही इथे फसवतो. ब्लेंडर २.८१ मध्ये तो आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. ब्रश आहे छानच, हाडं न घालता हात वळवता येतो. पण तो बिंदू उचलून नव्या जागी ठेवतो आणि परतीची वाट कुठेही लिहून ठेवत नाही. झटपट अंदाज घ्यायला उत्तम, ये-जा करायला नाही.

झेडब्रशमध्ये हाच नियम सबडिव्हिजनच्या, म्हणजे जाळी पातळी-पातळीने बारीक करण्याच्या, भाषेत येतो. पोझ सर्वात खालच्या पातळीवर द्यायची, बारकावे वरच्या पातळ्यांवर. खालची पातळी हलली की वरचे बारकावे तिच्या पृष्ठभागाबरोबर जातात. ट्रान्सपोझ मास्टर नेमकं हेच करतो: सगळ्या सबटूलच्या (मॉडेलच्या सुट्या भागांच्या) खालच्या पातळ्या एकत्र करून एक हलकं मॉडेल देतो, तुम्ही त्याला पोझ देता आणि 'टीपोझ टू सबटूल' दाबलं की ती पोझ मूळ सबटूलवर परत जाते. त्याआधी तिथलं 'लेयर' हे बटण चालू केलं असेल तर पोझ वेगळ्या लेयरमध्ये बसते. ते बंद राहिलं तर पोझ थेट मॉडेलमध्ये मुरते आणि न्यूट्रल गेलं. एवढंसं बटण आहे, पण माझ्या अनुभवात निम्मी न्यूट्रल मॉडेलं त्याच्यापायीच हरवतात.

ज्या सबटूलला सबडिव्हिजनच नाही, ते आपल्या पूर्ण वजनानिशी त्या एकत्र मॉडेलमध्ये येतं. मग मास्क (जो भाग हलू नये त्यावरचं झाकण) ओढायलाही दम लागतो. आधी त्याची जाळी नीट करून खालची पातळी तयार करा, पोझ नंतर.

गाठ येते, किंवा काम गायब होतं

हा यादीतला सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि यात सॉफ्टवेअरचा काहीही दोष नसतो. आपण चुकीच्या कप्प्यात काम केलेलं असतं.

झेडब्रशमध्ये पोझचा लेयर दिसतोय, पण त्याचं रेकॉर्डिंग बंद आहे. आपण पोझ बघत कोपराची घडी कोरतो. ती घडी लेयरमध्ये न जाता मूळ मॉडेलमध्ये जाते. पोझमध्ये ती शोभते. न्यूट्रलला परतलं की सरळ हाताच्या कोपरावर तीच घडी गाठ बनून बसलेली असते. उलट प्रकार: रेकॉर्डिंग चालूच राहिलं आणि आपण पोझमध्येच नाक बारीक केलं, कान मोठे केले. स्लायडर शून्यावर नेला की नाक पुन्हा जाड. ब्लेंडरमध्ये रेकॉर्डिंगच्या जागी यादीत निवडलेली शेप की असते. बेसिस निवडलेली असताना केलेलं काम सगळीकडे पसरतं, दुसरी की निवडलेली असताना केलेलं तिच्यातच राहतं.

मी आता ब्रश टेकवण्याआधी स्वतःला विचारतो: हा बदल या देहाचा आहे की या क्षणाचा? नाकाची रुंदी, छातीचा घेर, बोटांची जाडी हे देहाचं. ते न्यूट्रलमध्ये, पोझ पूर्ण बंद करून. कोपराची घडी, दाबलेला दंड, मुठीत चेपलेली बोटं हे क्षणाचं. त्यासाठी पोझच्या लेयरवर आणखी एक लेयर, 'घडी' अशा नावाचा. न्यूट्रलला जाताना दोन्ही शून्य, पोझला येताना दोन्ही एक. पोझच्याच लेयरमध्ये घडी भरली तर चालत नाही का? चालतं. पण उद्या कोणी मनगट थोडं वळवायला सांगितलं, तर पोझ टाकून नवी घ्यावी लागते आणि तिच्याबरोबर घड्याही जातात.

ब्लेंडरमध्ये इथे एक भिंत आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. मल्टिरेझला लेयर नसतात. मल्टिरेझवर मारलेला ब्रश शेप कीमध्ये जात नाही, मल्टिरेझच्या स्वतःच्या साठ्यात जातो आणि न्यूट्रल-पोझ दोन्हीकडे दिसतो. म्हणून पोझपुरती घडी हवी असेल तर मल्टिरेझ व्ह्यूपोर्टमध्ये बंद करून, मूळ जाळीवर, शेप कीमध्ये काढायची. की निवडायची, तिची किंमत १ ठेवायची, आर्मेचर पोझमध्ये असू द्यायचं. त्वचेच्या बारीक सुरकुत्या अशा मावत नाहीत, घडीचा मुख्य आकार मावतो. त्वचेवरची छिद्रं दोन्हीकडे सारखीच असतात, त्यामुळे एरवी यावाचून अडत नाही.

गाठ आलेलीच असेल तर? झेडब्रशमध्ये असं करा. पोझ चालू ठेवून त्या सबटूलची प्रत काढा. ही प्रत म्हणजे तुमची चांगली घडी. मूळ सबटूलवर पोझचा स्लायडर शून्य करा आणि गाठ स्मूद करून काढा. न्यूट्रलचं मॉर्फ टार्गेट पूर्वी साठवलेलं असेल आणि ते त्याच पातळीचं असेल, तर मॉर्फ ब्रशने गाठ नेमकी पुसता येते. मग पोझ पुन्हा एकवर न्या, सर्वात वरच्या पातळीवर नवा लेयर करा, त्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, ती प्रत आणि मूळ एवढे दोनच सबटूल दिसते ठेवा आणि प्रोजेक्ट ऑल (एकाचा आकार दुसऱ्यावर उतरवणारं बटण) दाबा. घडी परत येते, पण आता स्वतःच्या कप्प्यात. कोपराच्या आत प्रोजेक्शन कधी कधी काटे काढतं, म्हणून कोपर सोडून बाकी सगळं मास्क करून घेतलेलं बरं.

ब्लेंडरमध्ये याहून सोपं आहे, अट एवढीच की गाठ येण्याआधीची फाईल शिल्लक हवी. नवीन फाईल दुरुस्त करत बसू नका. जुनी फाईल उघडा आणि नव्या फाईलमधलं मेश तिच्यात ॲपेंड करा, म्हणजे आणा. दोन्हीकडची आर्मेचरं रेस्ट पोझिशनवर (हाडांच्या मूळ अवस्थेवर) ठेवा, आधी नवं मेश आणि मग जुनं असं निवडा, शेप कीच्या मेनूतून 'जॉइन ॲज शेप्स' घ्या. जुना स्वच्छ बेसिस जागेवर राहतो आणि नंतर केलेलं सगळं एका वेगळ्या कीमध्ये येतं. बिंदूंची संख्या दोन्हींत सारखी असेल तरच हे जमतं.

संख्या आणि क्रम

सूचना बिंदूच्या क्रमांकाला बांधलेल्या असतात. बिंदू वाढले, कमी झाले किंवा त्यांचा क्रम हलला, की पत्ते चुकतात. डायनामेश, झेडरीमेशर, डायनटोपो, व्होक्सेल रिमेश, डेसिमेशन ही सगळी हत्यारं जाळी बदलतात आणि यादी नव्याने लिहितात. ती वापरायचीच, पण पोझ देण्याआधी. 'एवढी एकच जागा जरा दाट करून घेऊ' हे पोझ दिल्यानंतर मनात आलं, तर हात मागे घ्या.

एकदा एका लढवय्याच्या मूर्तीवर काम करताना मी ट्रान्सपोझ मास्टरचं मॉडेल काढलं आणि पोझ देता देता मूळ टूलमध्ये जाऊन पट्ट्याचं सबटूल डायनामेश केलं. दोन मिनिटांचं काम. पोझ परत पाठवली तेव्हा ती बसेना. मी दोन दिवस घालवून पोझ हाताने पुन्हा दिली. तेव्हापासून नियम: एकत्र मॉडेल बाहेर आहे तोवर मूळ टूलला हात लावायचा नाही. सबटूल वाढवायचं नाही, उडवायचं नाही, वरखाली करायचं नाही, लपवायचंही नाही.

संख्या सारखी आणि क्रम वेगळा, हा प्रकार जास्त फसवा, कारण सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. मॉडेल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात आणि परत आणलं, पोझ लावली आणि समोर चुरगळलेला कागद. असं दिसलं की समजावं, क्रम हलला. कोरून ते सुधारत नाही. निर्यातीची प्रत पुन्हा काढा: वेगवेगळे तुकडे न जोडता, दुहेरी बिंदू न मिटवता, त्रिकोणीकरण न करता. क्रम शाबूत असेल तर झेडब्रशमध्ये सर्वात खालच्या पातळीवर तीच जाळी आयात करता येते आणि वरच्या पातळ्यांचे बारकावे टिकतात.

डोळे मागे राहिले

झेडब्रशमध्ये लेयर प्रत्येक सबटूलचे स्वतंत्र असतात. शरीर न्यूट्रलला नेलं म्हणून डोळे, दात, नखं, पट्टा आपोआप जात नाहीत. मॉडेल मोडलं असं वाटतं, प्रत्यक्षात एक स्लायडर राहून गेलेला असतो. सगळ्या सबटूलवर पोझच्या लेयरचं नाव एकच ठेवा, म्हणजे शोधताना गोंधळ होत नाही. बस, एवढंच.

सिमेट्री

पोझ दिलेल्या मॉडेलवर सिमेट्री चालू राहिली तर काय होतं? ब्रश डाव्या हाताला लागतो आणि त्याचं प्रतिबिंब आरशातल्या जागी पडतं. तिथे हात असेलच असं नाही. तिथे रिकामी जागा असेल तर काही बिघडत नाही. पण डावा हात कमरेजवळ असेल, तर प्रतिबिंब उजव्या कमरेवर पडतं आणि तिथे न मागितलेली खाच तयार होते. ती पोझमध्ये हाताआड लपते आणि न्यूट्रलला गेल्यावर उघडी पडते. 'न्यूट्रलला परतल्यावर कमरेला खड्डा' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, पोझचा त्याच्याशी संबंधही नसतो.

झेडब्रशमध्ये ट्रान्सफॉर्म पॅलेटमध्ये 'यूज पोझेबल सिमेट्री' आहे. ते जागा न बघता जाळीची रचना बघून जोडीदार बिंदू शोधतं, त्यामुळे एक हात वर आणि एक खाली असला तरी काम करतं. अट अशी की रचना दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी हवी. एका बाजूला एक जादा कड असली तरी बिनसतं. ब्लेंडरच्या स्कल्प्ट मोडमधली सिमेट्री जागेवरच चालते, म्हणून तिथे मी पोझमध्ये शिरताना ती बंद करतो आणि दोन्ही बाजूंचं काम न्यूट्रलसाठी राखून ठेवतो.

न्यूट्रलच थोडं वाकडं झालं असेल तर झेडब्रशमध्ये चांगली बाजू मास्क करून 'स्मार्ट रीसिम' चालवा, मास्क केलेली बाजू जशीच्या तशी राहते आणि दुसरी तिच्याप्रमाणे होते. मात्र पोझचा लेयर शून्यावर आहे याची खात्री करून. पोझमध्ये हे बटण दाबण्याचा प्रयोग मी एकदा केलाय.

ब्लेंडरमधलं रेस्ट आणि पोझ

तक्रार: हाडं हलतच नाहीत. आर्मेचर निवडा, त्याच्या डेटाच्या टॅबमध्ये 'पोझ पोझिशन' आणि 'रेस्ट पोझिशन' अशी दोन बटणं आहेत. रेस्ट दाबलेलं असेल तर मॉडेल न्यूट्रलमध्ये धरून ठेवलेलं असतं. तुम्ही दिलेली पोझ नष्ट झालेली नाही, नुसती दाखवली जात नाही. ये-जा करायची खरी जागा हीच. त्यासाठी ऑल्ट+आर, ऑल्ट+जी मारून हाडं मूळ जागी आणण्याची सवय सोडा, कारण त्याने पोझ खरोखर पुसली जाते. मग ती पुन्हा हाताने द्यायची.

तक्रार दुसरी: 'अप्लाय पोझ ॲज रेस्ट पोझ' केलं आणि मॉडेल उडी मारून न्यूट्रलला गेलं, हाडं मात्र पोझमध्ये. हे बटण फक्त हाडांची मूळ अवस्था बदलतं, मेशला हात लावत नाही. मेशलाही नवी अवस्था हवी असेल तर आधी मेशवरचा आर्मेचर मॉडिफायर अप्लाय करा, मग हाडांवर हे बटण, मग मॉडिफायर पुन्हा लावा. व्हर्टेक्स ग्रूप (कुठला बिंदू कुठल्या हाडाला किती बांधलाय याच्या नोंदी) टिकून राहतात, वजनं पुन्हा रंगवावी लागत नाहीत. मेशला शेप की असतील तर मॉडिफायर अप्लाय होतच नाही. तिथे 'सेव्ह ॲज शेप की' मिळतं, पण त्याने आपण पुन्हा सरळ रेषेच्या जगात येतो, तेच कलंडणारे उंचवटे. आणि आधी केलेलं ॲनिमेशन असेल तर रेस्ट बदलल्यावर ते सगळं तिरकं होतं, कारण त्यातला प्रत्येक आकडा जुन्या रेस्टपासून मोजलेला असतो. खरं सांगायचं तर नुसत्या स्कल्प्टिंगसाठी हे बटण दाबायची गरज मला क्वचितच पडली आहे. कंट्रोल+ए हीच कळ ऑब्जेक्ट मोडमध्ये स्केल वगैरे अप्लाय करते आणि पोझ मोडमध्ये हा मेनू उघडते, म्हणून बरेचदा ते चुकून दाबलं जातं.

न्यूट्रल उरलंच नाही तर

पोझ दिलेलं मॉडेल आहे, त्यावर रिमेश झालंय, बारकावे कोरून झालेत, आणि न्यूट्रल फक्त एका जुन्या फाईलमध्ये वेगळ्या जाळीत आहे. इथे बहुतेक जण जुन्या न्यूट्रलवर नव्याचं प्रोजेक्शन करायला जातात. ते होत नाही. प्रोजेक्शन जवळचा पृष्ठभाग शोधतं आणि पसरलेल्या हाताजवळ वाकवलेल्या हाताचा पृष्ठभाग नसतो.

ब्लेंडरचा सरफेस डिफॉर्म मॉडिफायर इथे उपयोगी पडतो. जुनं मेश आर्मेचरने शक्य तितकं नव्याच्या पोझमध्ये आणा, अगदी हुबेहूब नको, पण एकमेकांत बसेल इतकं. नव्या मेशवर सरफेस डिफॉर्म लावा, टार्गेट म्हणून जुनं मेश द्या, बाइंड करा, म्हणजे नवं जुन्याला बांधा. आता जुन्याचं आर्मेचर रेस्टवर न्या. नवं मेश त्याच्या मागोमाग उलगडत न्यूट्रलला येतं. मॉडिफायर अप्लाय केलात की न्यूट्रल हातात.

बाइंड होत नसेल तर टार्गेट तपासा: एका कडेला दोनपेक्षा जास्त फेस (जाळीचे तुकडे), आत वळलेले बहुकोन, एकावर एक बसलेले बिंदू यांपैकी काहीतरी असतं. दुसरी अडचण काखेत आणि बोटांमध्ये येते. प्रत्येक बिंदू जवळच्या फेसला चिकटतो, आणि दंड बरगड्यांना टेकलेला असेल तर दंडाचे काही बिंदू बरगड्यांना चिकटतात. उलगडताना तिथे पडदा ताणला जातो. तेवढी जागा हाताने सावरावी लागते, यातून सुटका नाही.

न्यूट्रल निवडताना

वळण जितकं कमी तितका बिघाड कमी. लोंबत्या हातापासून टी-पोझ ९०° लांब आहे, ए-पोझ (हात तिरपे खाली) साधारण ४५°. खांद्याचा स्नायू टी-पोझमध्ये आक्रसून बसतो, त्या अवस्थेत कोरलेला खांदा खाली आणला की सपाट दिसतो. मी ए-पोझ घेतो, कोपर आणि गुडघे किंचित वाकवलेले, म्हणजे ते कुठल्या बाजूने वळणार हे जाळीतच दिसतं. बोटं एकमेकांपासून सुटी, तोंड थोडं उघडं, ओठ एकमेकांना न चिकटलेले. मुठी वळलेल्या न्यूट्रलवर मास्क ओढण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

आणि झगा, मोकळे केस, लोंबता शेला यांची ये-जा मी करत नाही. न्यूट्रलमध्ये त्यांचा साधा ठोकळा ठेवतो, पोझ पक्की झाली की ठोकळा लपवून खरा झगा पोझमध्येच नव्याने कोरतो. त्याच्या चुण्या त्या एका पोझच्या असतात, त्यांना न्यूट्रल नसतंच. त्या सबटूलच्या नावात 'फक्त पोझ' असं लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने फाईल उघडल्यावर त्याचा हरवलेला लेयर मीच शोधत बसतो.